फोटोतला पिवळा आणि डोळ्यांतला पिवळा



शिरवणे गावठाणातली एक खोली डोळ्यांपुढे आणा. बाळंतीण कालच दवाखान्यातून घरी आली आहे. खोलीला एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे तोंड करून. म्हणून भर दुपारीसुद्धा दिवा लावलेला. बाळ जरा पिवळसर वाटते म्हणून मावशी मोबाइलवर फोटो काढते. तो फोटो तिघांना जातो : एमआयडीसीत पाळीवर गेलेल्या बाळाच्या वडिलांना, गावाकडच्या आजीला आणि ओळखीच्या नर्सताईंना. वडील कळवतात, "काही नाही, मला तर गोरंपान दिसतंय." आजी म्हणते, "अगं, हळदीसारखं पिवळं पडलंय!" नर्सताई म्हणतात, "फोटोवर जाऊ नका, बाळाला आणून दाखवा."

फोटो एकच, पण दोघांना दोन रंग दिसले. दोघेही खोटे बोलत नव्हते. खोटे बोलत होते ते फोन. असे प्रसंग आपल्या घराघरांत घडतात. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही मोबाइलच्या पडद्यावरील रंगांविषयी लिहीत आहोत.

पिवळे म्हणजे निळ्याची कमतरता

पांढऱ्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात. त्यातला निळा काढून घेतला की उरलेला उजेड पिवळसर दिसतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचे सारे सोपे होते.

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी जुन्या होऊन मोडतात, तेव्हा बिलिरुबिन नावाचे द्रव्य तयार होते. ते शरीराबाहेर टाकण्याचे काम यकृताचे. नवजात बाळाचे यकृत अजून पुरते तयार नसते, म्हणून हे द्रव्य अंगात साठते. बिलिरुबिन निळा उजेड शोषून घेते, म्हणून कातडी आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतो. हीच कावीळ. पूर्ण दिवसांच्या १०० बाळांपैकी सुमारे ६० बाळांना पहिल्या आठवड्यात ती थोडीफार होते आणि बहुतेकांची आपोआप उतरते. पण काहींच्या रक्तात बिलिरुबिन फार वाढते आणि मेंदूपर्यंत पोचते. मग कायमचे बहिरेपण येते, हातपाय कडक होतात, प्रसंगी जीवही जातो. हे नुकसान वेळेवर उपचार केल्यास टळते, उशीर झाल्यावर भरून निघत नाही.

कावीळ साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असते. नेमके याच दिवसांत आई-बाळ दवाखान्यातून घरी आलेले असतात. पाहणारे डॉक्टर जवळ नसतात, हातात मोबाइल असतो. म्हणून फोटोचा हा प्रश्न साधा नाही.

दिव्यालाही रंग असतो

लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होते, मग पिवळे, मग पांढरे. त्याहूनही जास्त तापवता आले असते, तर उजेड निळसर दिसला असता. या हिशेबावरून उजेडाचा रंग मोजतात. त्याला रंग-तापमान म्हणतात आणि ते केल्विन या मापात सांगतात. मेणबत्तीचा उजेड सुमारे १९०० केल्विन, जुन्या पिवळ्या बल्बचा सुमारे २७००, दुपारच्या उन्हाचा सुमारे ५५००. एलईडी ट्यूबच्या खोक्यावर 'कूल डेलाइट' लिहिलेले असेल, तर शेजारी बहुधा ६५०० हा आकडा दिसेल. आकडा लहान तेवढा उजेड पिवळा, आकडा मोठा तेवढा निळसर.

आपला मेंदू या फरकाची भरपाई करतो. बल्बखाली काय आणि उन्हात काय, पांढरा सदरा आपल्याला पांढराच वाटतो. कॅमेऱ्याला हे आपोआप जमत नाही. म्हणून फोन प्रत्येक फोटोत अंदाज बांधतो की इथे पांढरे काय असावे, आणि त्याप्रमाणे सगळे रंग सरकवतो. याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. चित्र फार पिवळे वाटले तर फोन त्यात निळा वाढवतो.

खरी गोम इथे आहे. पिवळ्या बल्बच्या उजेडात मुळातच निळा कमी असतो. कावीळ झालेली कातडीही निळा शोषून घेते. निळा नेमका कोणामुळे कमी झाला, दिव्यामुळे की काविळीमुळे, हे फोनला कळत नाही. तो 'दुरुस्ती' करायला जातो आणि त्या दुरुस्तीत कावीळही पुसून टाकू शकतो. बाळ पिवळ्या दुपट्यात गुंडाळलेले असेल तर गोंधळ आणखी वाढतो.

पडदाही रंग बदलतो

फोटो जसा काढला तसाच पाहणाऱ्याला दिसेल असेही नाही. पडद्याचा पांढरा रंग ६५०० केल्विनला धरावा असे प्रमाण ठरलेले आहे. पण पडदा झगझगीत वाटावा म्हणून पुष्कळ फोन त्याहून निळसर ठेवलेले असतात. सेटिंगमध्ये त्याला 'व्हिविड' म्हणतात. त्यात पिवळेपणा झाकला जातो. उलट संध्याकाळी 'नाइट लाइट', 'आय कम्फर्ट' किंवा 'रीडिंग मोड' चालू असला की पडद्यातला निळा कमी होतो आणि धडधाकट बाळही काविळीचे दिसते. फुटलेला पडदा बदलून स्वस्तातला बसवला असेल तर रंग आणखी वेगळे. ब्यूटी फिल्टर तर कातडी उजळण्यासाठीच बनवलेला असतो. व्हॉट्सॲपवरून पाठवताना फोटो लहान होतो, त्यात रंगांतला बारीक फरक पुसट होतो. वडिलांना बाळ गोरे आणि आजीला पिवळे दिसले ते यामुळे.

घरचा प्रयोग : आपला धम्मध्वज

धम्म एहिपस्सिक आहे, म्हणजे या आणि स्वतः पाहा असे सांगणारा आहे. तेव्हा आमच्या शब्दावर विश्वास ठेवू नका, करून पाहा. १८८५ साली कोलंबोत पहिल्यांदा फडकलेला आपला पंचरंगी धम्मध्वज पुष्कळ घरांत असतो. त्यात निळा, पिवळा आणि पांढरा हे तिन्ही पट्टे आहेत. एकाच ध्वजाचा फोटो आधी दाराशी दिवसाच्या उजेडात काढा, मग आत पिवळ्या दिव्याखाली काढा. दोन्ही फोटो घरातल्या दोन-तीन फोनवर पाठवून शेजारी शेजारी धरा. पांढरा पट्टा कुठे निळसर दिसेल, कुठे मळकट पिवळा. मग एका फोनचा नाइट लाइट चालू करा आणि पुन्हा पाहा. जो फोन ध्वजातला पांढरा नीट दाखवू शकत नाही, तो बाळाच्या डोळ्यातला पांढरा काय दाखवणार?

मोबाइलवर कावीळ ओळखण्याचा प्रयत्न करणाऱ्या संशोधकांनाही हीच अडचण आली. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी असे ॲप तयार केले, तेव्हा बाळाच्या अंगावर ठरावीक रंगांचे छापील कार्ड ठेवून फोटो काढावा लागला. कार्डावरचे रंग आधीच माहीत असतात, म्हणून फोन किती चुकतो आहे ते कळते. तज्ज्ञांनासुद्धा कार्डाशिवाय फोनच्या रंगावर भरवसा ठेवता आला नाही.

सावळ्या कातडीचा वेगळा धोका

वडिलांनी 'गोरंपान' म्हटले तेव्हा त्यांना आनंदच झाला असणार. गोरेपणाचे हे वेड आपल्यावर लादलेले आहे, आणि इथे ते बाळाच्या जिवावर बेतू शकते. यंत्रेही या वेडातून सुटलेली नाहीत. रंगीत फिल्मच्या काळात फोटोंचे रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनीचे एक कार्ड वापरत, 'शर्ली कार्ड'. त्यावर गोरी बाई असे. तिची कातडी नीट आली की फोटो नीट, असा हिशेब. त्यामुळे काळ्या माणसांचे फोटो वर्षानुवर्षे बिघडलेले येत. कोविडच्या काळात आपण बोटाला लावत होतो त्या ऑक्सिमीटरचेही तसेच. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्र ९२ ते ९६ असा बरा आकडा दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली होता, असे कृष्णवर्णीय रुग्णांच्या सुमारे १२ टक्के मोजण्यांत आढळले. गोऱ्या रुग्णांत हे प्रमाण सुमारे ४ टक्के होते.

सावळ्या बाळाच्या कातडीवर कावीळ उघड्या डोळ्यांनाही उशिरा दिसते. फोटोत तर ती सहज लपते. म्हणून आपल्या घरांत बाळ पाहण्याची रीत माहीत असणे फार गरजेचे आहे.

बाळ कसे पाहावे

रोज एकदा, पहिले दोन आठवडे, बाळाला दिवसाच्या उजेडात दाराशी किंवा खिडकीशी आणा. दिवा बंद करा. अंगाखाली पांढरे कापड असू द्या.

१. डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पाहा. सावळ्या बाळात हीच खात्रीची जागा.

२. कपाळावर, मग छातीवर, मग पायावर बोटाने हलके दाबून सोडा. दाबलेली जागा क्षणभर फिकट होते. तिथे पिवळी झाक दिसते का ते पाहा.

३. तळहात आणि तळपाय पाहा. कावीळ साधारणपणे चेहऱ्याकडून खाली उतरते. तळव्यांपर्यंत पोचली म्हणजे ती बरीच वाढली आहे.

४. शू आणि शीचा रंग पाहा.

थांबू नका अशा खुणा

जन्मानंतर पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा दिसणे. तळहात-तळपाय पिवळे होणे. बाळ दूध न ओढणे, सुस्त पडणे, उठवूनही न उठणे. चिरक्या आवाजात रडणे. अंग धनुष्यासारखे मागे ताणणे. ताप येणे किंवा अंग गार पडणे. यांतले एक जरी दिसले तरी त्याच घडीला रुग्णालय गाठा, मग रात्र असो की पाऊस.

शी खडूसारखी पांढरट असेल, शूचे कपड्यावर गडद पिवळे डाग पडत असतील किंवा कावीळ १४ दिवसांनंतरही राहिली असेल, तरी बाळाला लगेच दाखवा. पित्ताची वाट बंद असू शकते, आणि त्याची शस्त्रक्रिया पहिल्या ६० दिवसांत झालेली चांगली. तैवानमध्ये २००४ पासून नवजात बाळाच्या प्रत्येक आईला शीच्या रंगांचे छापील कार्ड देतात. तिथेही तुलना आईने डोळ्यांनी करायची असते.

आईचा रक्तगट 'ओ' किंवा आरएच निगेटिव्ह असेल, बाळ महिना-दोन महिने आधी जन्मले असेल किंवा आधीच्या भावंडाला मोठी कावीळ झाली असेल, तर जास्त सावध राहा. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवू नका. काही बाळांत त्यांच्या वाफेने रक्तपेशी मोडतात आणि कावीळ एकदम वाढते.

फोटो पाठवायचाच असेल तर

रुग्णालय दूर असेल, सल्ला हवा असेल, तर फोटो जरूर पाठवा. पण दिवसाच्या उजेडात, फ्लॅश आणि फिल्टर बंद करून, बाळाशेजारी पांढरे कापड ठेवून. तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर लहान होत नाही. सोबत लिहा : बाळ किती तासांचे, दूध किती वेळा घेते, शू किती वेळा करते. पाहणाऱ्याने आधी आपल्या फोनचा नाइट लाइट बंद करावा आणि बाळाकडे पाहण्यापूर्वी कापडाकडे पाहावे. कापडच पांढरे दिसत नसेल तर त्या फोटोवर काही बोलू नये. व्हिडिओ कॉललाही हाच नियम.

आणि एक नियम पाठच करा : फोटोत पिवळे दिसले तर दाखवायला न्या. फोटोत दिसले नाही, पण आईच्या डोळ्यांना शंका आहे, तरीही न्या. फोटो काळजी वाढवू शकतो, काळजी मिटवू शकत नाही.

काय करू नये, काय करावे

काविळीची माळ घालणे, मंतरलेले पाणी देणे, पोटावर चटके देणे, गुळाचे किंवा ग्लुकोजचे पाणी पाजणे, यातले काहीही करू नका. आईने हळद खाल्ली म्हणून बाळाला कावीळ होत नाही, तेव्हा तिचे जेवण तोडू नका. दिवसातून ८ ते १२ वेळा अंगावर पाजा. दूध भरपूर मिळाले की शी होते आणि शीतून बिलिरुबिन बाहेर पडते.

कोवळे ऊन दाखवले की पुरे, असे जुनी माणसे म्हणतात. या समजुतीत थोडे सत्य आहे. १९५० च्या दशकात इंग्लंडमधील रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड बाळांना उन्हात नेत असत. उन्हाने पिवळेपणा उतरतो हे त्या परिचारिकेने डोळ्यांनी टिपले. त्यातून डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निळ्या उजेडाचा उपचार शोधला आणि १९५८ साली तो प्रसिद्ध केला. बिलिरुबिन जो निळा उजेड शोषते, तोच उजेड त्याचे रूप बदलून त्याला शरीराबाहेर काढतो. पण त्यासाठी ठरावीक निळ्या रंगाचा, मोजून दिलेला, तासन् तास पडणारा उजेड लागतो. सकाळची दहा मिनिटे ते काम करू शकत नाहीत, घरातली ट्यूबही नाही.

उपचार हा हक्क आहे

१९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभ विधेयकाची बाजू मांडली. आई आणि बाळ जपणे ही उपकाराची गोष्ट नाही, हा विचार त्यामागे होता. आज जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात आजारी बाळाची तपासणी, औषध आणि ने-आण मोफत आहे. आपल्या भागात शिरवण्याचे नागरी आरोग्य केंद्र, नेरूळचे मीनाताई ठाकरे रुग्णालय आणि वाशीचे महापालिका रुग्णालय आहे. गाडीसाठी १०८ वर फोन करा. रुग्णालयातून घरी आल्यावर आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळ पाहायला यायचे असते. त्या आल्या नाहीत तर बोलावून घ्या, आणि आल्या की बाळाला दाराशी उजेडात आणून दाखवा.

मोबाइलचा खरा उपयोग तोच : फोटो पाहून निश्चिंत होण्यासाठी नव्हे, वेळेवर माणूस बोलावण्यासाठी. येत्या रविवारी विहारात वंदनेला जाल तेव्हा वस्तीत कोणाकडे तान्हे बाळ आहे ते विचारा, आणि हे पान त्या घरी वाचून दाखवा.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.