जावई घरी येतील तेव्हा

पोळ्याला तुझा नवरा, म्हणजे आमचे जावई, घरी येणार म्हणून तू खुशीत आहेस. असणारच. डोंगरी बुजुर्गच्या खाणीचं मॅंगनीज भरून त्यांचा ट्रक रायपूरकडे निघाला, की पुढे भाडं मिळेल तिकडे. महिना महिना माणूस नाकाडोंगरीचं तोंड पाहत नाही. म्हणूनच एक गोठ आत्ताच सांगून ठेवते. आई हे बोलायची नाही, सासू तर नाहीच नाही.

जावयांवर माझा संशय नाही, आधीच सांगते. पण एचआयव्ही माणूस चांगला की वाईट हे बघून येत नाही. सरकारच्या कार्यक्रमात जोखमीचे गट ठरलेले आहेत: धंदा करणाऱ्या बाया, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी, सुईने नशा करणारे, शिवाय लांब पल्ल्याचे ट्रकवाले आणि कामासाठी बाहेर जाणारे मजूर. ढाब्यावर, ट्रक टर्मिनलवर त्यांना गाठून कोणीतरी माहिती देतं, तपासणी करतं. त्यांची बायको मात्र घरीच. ती गरोदर राहिली की तिचं रक्त तपासतात. तोवर सहसा तिला कोणी विचारत नाही. कपाळाला कुंकू आहे म्हणजे आपण सुरक्षित, असं आपणही धरून चालतो.

सांगलीच्या धंदा करणाऱ्या बायांचं ऐकलंस का? १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेसोबत त्या स्वतःच वस्तीत निरोध वाटू लागल्या आणि १९९६ मध्ये त्यांनी ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी केली. निरोध नाही तर गिऱ्हाईक नाही, हे त्यांनी एकजुटीने ठरवलं. लोक त्यांना नावं ठेवतात, पण मला विचारशील तर त्या आपल्यापेक्षा पुढे गेल्या. आपल्याला स्वतःच्या नवऱ्याला एवढं म्हणायला जीभ उचलत नाही.

मग म्हणायचं कसं? ‘तुम्ही बाहेर काय करता’ असं विचारू नको. त्याने भांडण होईल आणि उत्तरही मिळणार नाही. लेकराचा विषय काढ. ‘बाळाचा विचार करायच्या आधी दोघांचं रक्त तपासून घेऊ, आधी माझं घेऊ दे,’ असं म्हण. आणि रिपोर्ट येईस्तोवर निरोध. तिकडे लेकराचं नाव, इकडे निरोध, हे उलटं वाटेल. पण ‘रिपोर्ट आला की सोडू’ म्हटलं की पुरुषालाही मुदत कळते.

निरोध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. आशाताई गावातलीच, तिच्याकडे मागायला लाज वाटली तर तुमसरहून आण. पण जावयांच्या गाडीतला वापरू नको. केबिनमध्ये उन्हात पडून रबर खराब होतं. पाकिटावरची तारीख बघायची, दाताने फाडायचं नाही, एकावर एक दोन चढवायचे नाहीत. आणि खोबरेल तेल लावायचं नाही, त्याने तो फाटतो. हे शेवटचं जावयांना नीट सांग, पुष्कळांना माहीत नसतं.

तपासणी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात होते, फुकट. आधी समुपदेशक ताई बोलतात, मग थोडं रक्त घेतात. तुझ्या संमतीशिवाय तपासता येत नाही आणि निकाल सहसा दुसऱ्याला सांगता येत नाही. २०१७ चा कायदाच आहे तसा. एक मात्र ध्यानात ठेव: संबंध नुकताच आला असेल तर लागण लगेच दिसत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, तोवर निरोध चालूच. खाली जखम, घाण पाणी, जळजळ असं काही असलं तर तेही सांगायचं. त्याने एचआयव्ही लवकर लागतो, आणि या दुखण्यांचं औषध सरकारी दवाखान्यातच मिळतं.

निघालाच तर? २००४ पासून गोळ्या फुकट आहेत. रोज नेमाने घेतल्या आणि रक्तात विषाणू सापडेनासा झाला, तसाच टिकला, तर संबंधातून तो पुढे जात नाही. वेळेवर औषध घेतलेल्या आईचं लेकरूही बहुधा निरोगी निघतं. आपल्या लहानपणी भिंतींवर कवटीची चित्रं असायची, तीच भीती अजून लोकांच्या डोक्यात बसली आहे.

हे ऐकून जावई चिडले, हात उचलला, तर गप्प राहू नको, माझ्याकडे निघून ये. नुसतं विचारायचं असेल तर १०९७ ला फोन लाव, पैसे लागत नाहीत, नाव सांगावं लागत नाही.

पोळा झाला की दोघं तुमसरला या. आमच्याकडे उतरा, मी सोबत येते. जावयांना माझी लाज वाटली तर मी बाहेर बाकड्यावर बसेन. आणि या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, तेव्हा जेवूनच निघा.