चिंच नको, कुंचला पुरे

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडमध्ये सॉमरसेटला असतो. हौसेने मेटल डिटेक्टर घेऊन शेतांतून फिरतो. परवा त्याला जुना, हिरवा पडलेला काशाचा ब्रोच मिळाला. चिंचेने घासून उजळावा का? सरकारला कळवावे लागते का?

उत्तर : चिंच, लिंबू काहीही नको! हिरव्या थरातच बारीक नक्षी टिकून असते. आम्लाने ती जाते. मऊ कुंचल्याने सुटी माती झाडून ब्रोच कोरडा ठेवावा.

तीनशे वर्षांहून जुनी सोन्याचांदीची वस्तू असती, तर १९९६च्या ट्रेझर अ‍ॅक्टनुसार १४ दिवसांत कॉरोनरला कळवणे सक्तीचे होते. काशाच्या एकट्या वस्तूला सहसा ती सक्ती नाही. तरीही 'पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम'कडे नेमक्या जागेसह नोंद करावीच.

जागेचा एवढा आग्रह का? त्याच सॉमरसेटमध्ये फ्रोमजवळ २०१० साली एका हौशी शोधकाला घड्यात भरलेली रोमन नाणी लागली. मोह आवरून त्याने खड्डा बुजवला आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावले. घडा थराथराने रिकामा झाला : ५२,५०३ नाणी! गंमत म्हणजे सर्वांत उशिराची, सम्राट कराउसियसच्या काळातली बरीच नाणी वर नव्हे, खोलवर निघाली. म्हणजे ही वर्षानुवर्षे टाकलेली बचत नव्हे. घडा बहुधा एकाच वेळी भरला. फावड्याने उपसला असता, तर हे कळलेच नसते.

आणि हो, यंत्र घेऊन मुलगा गावी येणार असेल तर सांगून ठेवा : आपल्याकडे १८७८चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांवरचा ठेवा सापडला, तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.