आरोग्यविमा आणि लोकक्षोभ : अमेरिकेतील एका प्रकरणाचा अभ्यास

सन २०२४ च्या डिसेंबर महिन्याच्या ४ तारखेस सकाळी न्यूयॉर्क शहरातील एका हॉटेलाबाहेर युनायटेड हेल्थकेअर या आरोग्यविमा कंपनीचे मुख्य अधिकारी ब्रायन थॉम्प्सन यांची गोळ्या घालून हत्या झाली. गुंतवणूकदारांच्या सभेसाठी ते तेथे आले होते. जागेवर सापडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांवर ‘विलंब’, ‘नकार’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द लिहिलेले होते. पाच दिवसांनी एका तरुणास अटक झाली. त्याने गुन्हा नाकबूल केला. त्याचा न्यायनिवाडा हे न्यायालयाचे काम; त्यात शिरण्याचे आम्हांस कारण नाही.

आम्हांस विचारात टाकले ते दुसऱ्याच गोष्टीने. दोन मुलांचा बाप मारला गेला असता हजारो सामान्य माणसांनी शोकाऐवजी उपहास प्रकट केला, आणि आपापल्या घरातील नाकारलेल्या दाव्यांच्या कहाण्या चव्हाट्यावर मांडल्या. हत्या ती हत्याच. तिचे समर्थन कोणत्याही हिशेबात बसत नाही. परंतु एखाद्या धंद्यातील प्रमुखाच्या मृत्यूवर गिऱ्हाईक हसते, तेव्हा त्या धंद्याची वही उघडून पाहणे कोणाही व्यापाऱ्यास अगत्याचे वाटावे. शिवाय आपल्यापैकी कित्येकांची मुले आज त्याच देशात नोकरी-व्यवसाय करीत असून त्याच विम्यावर त्यांच्या घरची आजारपणे अवलंबून आहेत.

या धंद्याचा आरंभ मोठा साधा होता. सन १९२९ मध्ये टेक्सास प्रांतातील डॅलस गावी बेलर रुग्णालयाचे व्यवस्थापन जस्टिन फोर्ड किंबॉल या गृहस्थांकडे आले. शाळाशिक्षकांकडील थकलेली बिले पाहून त्यांनी अशी योजना काढली की, प्रत्येक शिक्षकाने दरमहा ५० सेंट द्यावे आणि वर्षात २१ दिवसांपर्यंत रुग्णालयात उपचार मिळवावे. ‘ब्ल्यू क्रॉस’ या नावाने पुढे देशभर पसरलेल्या संस्थांचे मूळ ते हेच. या संस्था नफ्यासाठी चालत नसत. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली सरकारने पगारवाढीवर निर्बंध घातले, तेव्हा कारखानदारांनी पगाराऐवजी विमा देऊ केला आणि विमा नोकरीशी जोडला गेला. पुढे नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्या वाढल्या. १९९४ मध्ये ब्ल्यू क्रॉसच्या मध्यवर्ती मंडळानेही आपल्या घटकसंस्थांना नफ्याची कंपनी होण्यास मुभा दिली.

येथे वहीतील एक शब्द पाहण्यासारखा आहे. विमेदाराच्या उपचारासाठी जी रक्कम कंपनी देते, तिला त्या धंद्याच्या भाषेत ‘वैद्यकीय तोटा’ म्हणतात. ज्या कामासाठी हप्ता घेतला ते काम करणे म्हणजे तोटा! किराणा दुकानदाराने गिऱ्हाइकास दिलेली साखर तोट्याच्या खाती लिहावी, तशातलाच हा प्रकार. २०१० च्या कायद्याने असे ठरविले की, हप्त्यांतील शंभर डॉलरांपैकी निदान ८० डॉलर, आणि मोठ्या समूहांच्या विम्यात ८५ डॉलर, उपचारावर व उपचाराच्या गुणवत्तेवर खर्चावे. कमी खर्चल्यास फरक विमेदारांस परत करावा. नियम चांगला, पण वाट निघालीच. युनायटेडच्या मूळ कंपनीच्या ‘ऑप्टम’ या शाखेशी सुमारे ९०,००० डॉक्टर नोकरीने वा कराराने बांधलेले असल्याचे २०२३ मध्ये सांगण्यात आले. विमा खात्यातून आपल्याच दवाखान्यास दिलेला पैसा कायद्याच्या दृष्टीने उपचारखर्च ठरतो, आणि मूळ पेढीच्या दृष्टीने घरातच राहतो.

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, त्या मूळ कंपनीचा २०२३ सालचा नफा सुमारे २२ अब्ज डॉलर असला तरी उलाढाल सुमारे ३७२ अब्ज होती. म्हणजे नफा शेकडा ६ पडतो. कापडाचा व्यापारी यास लूट म्हणणार नाही. अमेरिकेतील रुग्णालयांची बिलेही काही कमी अवास्तव नसतात. तेव्हा लोकांचा राग केवळ नफ्याच्या दरावर आहे असे आम्हांस वाटत नाही. तो कसा मिळतो, यावर आहे.

अमेरिकन सिनेटच्या एका चौकशी उपसमितीने ऑक्टोबर २०२४ मध्ये अहवाल दिला. वृद्धांच्या सरकारी योजनेचा जो भाग खासगी कंपन्या चालवितात, त्यात रुग्णालयातून सुटल्यावर लागणाऱ्या शुश्रूषेसाठी पूर्वसंमती मागावी लागते. युनायटेडने २०२० साली अशा शंभर मागण्यांपैकी १०.९ नाकारल्या होत्या. २०२२ साली २२.७ नाकारल्या. दोन वर्षांत वृद्धांचे आजार निम्म्यावर आले, असे तर कोणी म्हणणार नाही.

याहून बोलका आकडा केएफएफ या संशोधनसंस्थेचा आहे. सरकारी संकेतस्थळावरून घेतलेल्या विम्यांत, कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-रुग्णालयांकडील दाव्यांपैकी शेकडा १९ दावे २०२३ मध्ये नाकारले गेले. त्यांविरुद्ध कंपनीकडेच फेरविचार मागणारे विमेदार शेकडा एकाहूनही कमी. आणि ज्यांनी मागितला, त्यांच्यापैकी शंभरात ४४ जणांच्या बाबतीत कंपनीस आपला नकार मागे घ्यावा लागला. बहुतेक विमेदार आजाराने थकलेले, कागदपत्रांनी गोंधळलेले. ते गप्प बसतात, आणि त्यांचे गप्प बसणे कंपनीच्या जमेस पडते.

आपल्या शास्त्रकारांनी सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘न्यासापहार’ सांगितला आहे. टीकाकार त्याचा अर्थ असा देतात : ठेव ठेवणारा आकडा विसरला व कमी रक्कम मागू लागला, तर ‘बरोबर, एवढीच’ म्हणून तेवढीच हाती ठेवणे. पेढीवाल्याने तिजोरी फोडली नाही, खोटा दस्त केला नाही. समोरच्याच्या विस्मरणास फक्त होकार भरला. प्रत्येक नाकारलेला दावा खराच असतो असे नव्हे. फेरविचारातही निम्म्याहून अधिक नकार कायम राहिले. पण जे मागण्यासच आले नाहीत, त्यांच्यात खरे किती होते, हे तपासण्याची निकड ज्या पेढीस वाटत नाही, तिच्याविषयी वरील व्याख्या अगदी नेमकी लागू पडते.

आपल्याकडेही १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ आल्यापासून घरोघर आरोग्यविमा पोहोचला आहे, आणि वर सांगितलेला थकवा येथील विमेदारासही अपरिचित नाही. म्हणून सभासदांनी पुढील गोष्टी टिपून ठेवाव्यात. विमा नियामक प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार रोकडरहित उपचाराच्या मागणीवर कंपनीने एका तासात, आणि रुग्णास घरी सोडतेवेळी तीन तासांत निर्णय द्यावयाचा आहे. सलग ६० महिने विमा चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याच्या सबबीवर दावा नाकारता येत नाही. कोणताही दावा कंपनीच्या पुनरीक्षण समितीच्या संमतीवाचून नाकारावयाचा नाही. तेव्हा नकार आल्यास कारण व पॉलिसीतील नेमके कलम लेखी मागावे. कंपनीकडे तक्रार करूनही समाधान न झाल्यास एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. त्यास शुल्क नाही, वकील लागत नाही.