अजिंठ्याची गाडी कोणासाठी?

‘पर्यटनस्थळापर्यंत रेल्वे न्यावी’ असे म्हणणे सोपे आहे. परंतु ती कोठून न्यावी, कोठे थांबवावी आणि किती वाजता सोडावी, हे ठरविणे म्हणजेच खरे नियोजन होय. आम्हा भोकरदनकडच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही. जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. अजिंठ्याची लेणी रेल्वेने जोडणे हा त्याचा एक प्रमुख हेतू आहे.

नकाशा पाहिला म्हणजे या मार्गाची गरज पटते. जालन्याहून जळगावला रेल्वेने जायचे तर मनमाडचा वळसा पडतो आणि ३०० किलोमीटरहून अधिक प्रवास घडतो. १९८३ साली जागतिक वारसा ठरलेली लेणी जळगाव स्थानकापासून सुमारे ६० किलोमीटर दूर आहेत.

यात मोठी अडचण डोंगराची आहे. पठारावरून तापीच्या खोऱ्यात एस.टी. वळणे घेत उतरते. आगगाडीला मात्र असा तीव्र उतार-चढाव मानवत नाही. भोर घाटात ३७ मीटर अंतराला १ मीटर चढ आहे, तर तेथे गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात. चढ सौम्य ठेवायचा तर बोगदे खणणे आले आणि खर्चही वाढणार.

हा खर्च केवळ पर्यटकांच्या भरवशावर करावा काय? मला तसे वाटत नाही. १९०७ साली सुरू झालेली माथेरानची छोटी गाडी पावसाळ्यात नेरळहून वर जात नाही. पर्यटक ऋतू पाहून, सुटी पाहून येतो. अजिंठ्याची लेणीही सोमवारी बंद असतात. विद्यार्थी, रुग्ण आणि भाजीपाला विकणारा शेतकरी यांना मात्र रोजच जावे लागते.

पाचोरा-जामनेर या ५६ किलोमीटरच्या अरुंद मार्गाचे उदाहरण जवळचेच आहे. त्यावरील पहूर हे स्थानक अजिंठ्यापासून फार लांब नाही. परंतु रुळांची रुंदी वेगळी असल्याने मुंबईची गाडी तेथवर थेट जाऊ शकत नसे; पाचोऱ्याला गाडी बदलावी लागे. म्हणजे स्थळ जवळ असून भागत नाही, मार्ग मुख्य जाळ्याशी सलग जुळला पाहिजे.

म्हणून मला असे सुचवावेसे वाटते की, जालन्याहून पहाटे निघणारी इंटरसिटी गाडी भोकरदन, सिल्लोड येथे थांबावी, लेणी उघडण्याच्या सुमारास, म्हणजे नऊच्या आसपास अजिंठ्यास यावी व पुढे जळगावला जावी. तीच संध्याकाळी परत यावी. लेण्यांकडे जाणारी बस फर्दापूर फाट्यावरून सुटते. ती रेल्वेच्या वेळेशी जोडावी. एकाच गाडीने पाहुण्याचे व आमचे, दोघांचेही काम होईल.

आमच्या गावात जमीन जाण्याची चर्चा सुरू आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माझ्या वडिलांनी तेव्हा एकच प्रश्न विचारला : “जमीन देऊ रे, पण गाडी इथं थांबल का?” सारे सर्वेक्षण मला या एका प्रश्नात सामावलेले दिसते. लेणी पाहण्यासाठी जग येईल, याचा आनंदच आहे. पण ज्यांच्या शेतातून रूळ जातील, त्यांना ती गाडी नुसती दुरून पाहावी लागू नये.