लोकल कुठपर्यंत?

(रेल्वेगाडी गावापर्यंत आली की गावाचे जीवन बदलते. पण गाडी लांब न्यायची, तर रूळ, जागा आणि पैसा यांचाही विचार करावा लागतो. मुंबईची लोकल विरारच्या पुढे नेण्याविषयी एका घरात झालेली चर्चा या पाठात दिली आहे.)

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली होती. मी अब्बांबरोबर वसईहून पालघरला मामूंच्या घरी गेलो होतो. घरात आनंदीआनंद होता. मामूंची मुलगी, म्हणजे माझी आपा, बारावी उत्तीर्ण झाली होती. मुंबईला चर्चगेटजवळच्या एका महाविद्यालयात तिला प्रवेश मिळणार होता. मामूंनी पेढे आणले होते.

पेढा हातात घेत अब्बांनी विचारले, "पण ही राहणार कुठे?"

"कुठे म्हणजे? घरीच," मामू म्हणाले. "दूल्हाभाई, आता डहाणूपर्यंत लोकल आहे. सकाळी जाईल, संध्याकाळी येईल."

अब्बांनी पेढा पुन्हा ताटलीत ठेवला.

"रोज दोन तास जायचे आणि दोन तास यायचे? मी इतकी वर्षे वसईहून नोकरीला जातो. सकाळी गाडी येते ती भरूनच. पाय ठेवायला जागा नसते. गाडी जितकी लांबून येईल, तितकी ती आधीच भरलेली असेल. मला विचाराल, तर लोकल विरारपर्यंतच ठीक होती."

मामू हसले. "वसईच्या माणसाने असे म्हणावे? विजेची गाडी १९२८ साली कुलाब्याहून बोरिवलीपर्यंत आली. १९३६ साली ती विरारपर्यंत आली. 'आता इथेच थांबवा,' असे बोरिवलीच्या लोकांनी तेव्हा म्हटले असते, तर आज तुम्ही नोकरीला कसे गेला असता?"

अब्बा काही बोलले नाहीत. नानी सुपारी कातरत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पूर्वीचे हाल मला ठाऊक आहेत. विरारला उतरायचे, गाडी बदलायची. एक गाडी चुकली की पुढचीची वाट पाहत बसायचे. घरचे माणूस परत येईपर्यंत आमचा जीव टांगणीला लागे. मग १६ एप्रिल २०१३ रोजी चर्चगेटची लोकल थेट डहाणूरोडपर्यंत आली. सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगाव, सगळीकडच्या लोकांची सोय झाली."

"तारीखही पाहा कशी!" मामू म्हणाले. "१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. त्यानंतर बरोबर १६० वर्षांनी आमच्याकडे लोकल आली."

मी विचारले, "मामू, मग गर्दी होते तर गाड्या का वाढवत नाहीत?"

मामूंनी माझ्याकडून दोन पट्ट्या घेतल्या आणि त्या चटईवर शेजारी शेजारी ठेवल्या. "हे आपले दोन मार्ग. एक मुंबईकडे जाणारा, दुसरा मुंबईहून येणारा. विरारच्या दक्षिणेला असे चार मार्ग आहेत. विरारपासून डहाणूपर्यंत मात्र दोनच. अंतर किती? चर्चगेट ते विरार सुमारे साठ किलोमीटर. विरार ते डहाणू आणखी सुमारे चौसष्ट. म्हणजे लोकलचा रस्ता दुपटीहून लांब झाला, पण पुढचे मार्ग दोनच राहिले."

मग त्यांनी एका पट्टीवर तीन काडेपेट्या एकामागे एक ठेवल्या. "ही लोकल. ती प्रत्येक स्थानकावर थांबते. तिच्या मागे ही गुजरातहून येणारी वेगवान गाडी. त्यामागे मालगाडी. मुंबईहून अहमदाबादकडे आणि दिल्लीकडे जाणाऱ्या गाड्याही याच रुळांवरून धावतात. आता सांग, मागच्या गाडीने पुढे कसे जायचे?"

मी पहिली काडेपेटी उचलून बाजूला ठेवली.

"शाबास! लोकलला असेच बाजूला उभे करतात. मोठी गाडी निघून जाते, मग लोकल सुटते. अशा मार्गावर आणखी लोकल कुठे घालणार? त्यासाठी मार्गच वाढवायला हवेत. विरार ते डहाणू या मार्गाच्या चौपदरीकरणाला केंद्र सरकारने २०१६ साली मंजुरी दिली. पनवेल ते कर्जत हा लोकलचा नवा मार्गही त्याच योजनेतला. या योजनेतील सर्व कामांचा मिळून खर्च १०,९४७ कोटी रुपये ठरला."

"एवढा पैसा!" अब्बा म्हणाले. "आणि लोकलचे भाडे कमी. पासवर तर ते फारच कमी पडते. तिकिटांतून खर्चही भरून निघत नाही. बाकीचा पैसा शेवटी लोकांच्या करातूनच येणार ना?"

"येऊ दे की," मामू म्हणाले. "आम्हीही कर भरतो."

नानींनी अडकित्ता खाली ठेवला. "पैशाचे तुम्ही पाहा. मी जमिनीचे विचारते. नवे रूळ टाकायचे ते कुणाच्या तरी शेतातूनच ना? वैतरणेवर पूल बांधायचे, म्हणजे खाडीकाठची तिवरेही तुटणार. शिवाय लोकल आली की मागोमाग इमारती येतात. जमिनीचा भाव चढतो. गरिबाला जमीन विकण्याचा मोह होतो, आणि पैसा संपला की हातात काहीच राहत नाही. डहाणूच्या चिकूच्या वाड्या उद्या राहतील का?"

"त्याची काळजी सरकारनेही घेतली आहे, अम्मी," मामू म्हणाले. "पर्यावरणाच्या दृष्टीने डहाणू तालुका नाजूक आहे, असे १९९१ सालीच जाहीर झाले. तिथे वाटेल तो कारखाना काढता येत नाही."

"कागदावरची काळजी प्रत्यक्षातही घेतली पाहिजे, बेटा. आणखी एक सांगते. पूर्वी जिल्ह्याच्या कामासाठी आपल्याला ठाण्याला जावे लागे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ती खेप वाचली. म्हणून मी म्हणते, गाडी लांब न्या, पण कामेही जवळ आणा. चांगले महाविद्यालय आणि मोठे रुग्णालय इथेच असेल, तर निम्मी माणसे गाडीत चढणारच नाहीत."

सगळे गप्प झाले. इतका वेळ आपा ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "मी बोलू का? फूफाजान, गर्दीचे तुमचे म्हणणे खरे आहे. पण तुमच्या स्थानकावर गर्दी होते, म्हणून माझ्या स्थानकावर गाडीच नको, हे कसे? आणि अब्बा, गाडी आली म्हणजे सगळे झाले, असेही नाही. सकाळची एक लोकल चुकली, तर माझा पहिला तास बुडेल. दादीचे म्हणणे मला पटते. पण इथे महाविद्यालय होईपर्यंत माझे वय थांबणार आहे का? मला याच वर्षी शिकायचे आहे."

अब्बांनी तिच्याकडे पाहिले. मग ताटलीतला पेढा उचलून त्यांनी तो तिच्याच हातावर ठेवला. "जा, बेटी. मात्र परीक्षेच्या दिवसांत आमच्याकडे वसईला राहायचे."

संध्याकाळी आम्ही परत निघालो. पुढच्या एका स्थानकावर आमची लोकल थांबली ती थांबलीच. इतक्यात शेजारच्या रुळांवरून एक लांब पल्ल्याची गाडी धडधडत निघून गेली. मला मामूंच्या काडेपेट्या आठवल्या. मी अब्बांकडे पाहिले. ते हातातल्या घड्याळाकडे पाहत होते.

"ही पोरगी रोज अशी ताटकळणार," ते म्हणाले. "आणखी दोन मार्ग व्हायलाच हवेत."

शब्दार्थ
उत्तीर्ण होणे – परीक्षेत पास होणे
स्थानक – स्टेशन
चौपदरीकरण – दोन मार्गांचे चार मार्ग करणे
तिवर – खाडीच्या खाऱ्या पाण्यात वाढणारे झाड
वाडी – फळझाडांची बाग
अडकित्ता – सुपारी कातरण्याचे साधन, सरौता
ताटकळणे – खूप वेळ वाट पाहत राहणे

वाक्प्रचार
जीव टांगणीला लागणे – फार काळजी वाटणे
पाय ठेवायला जागा नसणे – खूप गर्दी असणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लोकल डहाणूरोडपर्यंत केव्हा सुरू झाली?
(आ) विरार ते डहाणू हे अंतर सुमारे किती आहे?
(इ) पालघर जिल्हा केव्हा वेगळा झाला?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मामूंनी पट्ट्या आणि काडेपेट्या मांडून काय समजावून सांगितले?
(आ) नानींना कोणती काळजी वाटत होती?

३. अब्बांचे मत सुरुवातीला काय होते? शेवटी ते कसे बदलले?

४. 'गाडी लांब न्या, पण कामेही जवळ आणा.' या विधानावर वर्गात दोन गट करून चर्चा करा.