खाण तशी माती

लेकरू गुबगुबीत दिसलं की आपण म्हणतो, "खात्यापित्या घरचं आहे!" पण गुबगुबीत म्हणजे निरोगी, असं नेहमीच नसतं. अंगावर फाजील चरबी साठली की मुलाला धाप लागते, खेळवत नाही. पुढे तरुणपणीच मधुमेह आणि रक्तदाब मागे लागू शकतात.

ही जाडी येते कोठून? अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात ८५४ माणसांच्या लहानपणापासूनच्या नोंदी तपासल्या गेल्या. १९९७ साली त्यांचा निष्कर्ष छापून आला. आईबाप जाड असले, तर दहा वर्षांखालचे मूल मोठेपणी जाड होण्याचा धोका दुपटीहून जास्त. मग ते मूल आज जाड असो वा नसो!

असे का होते? शरीराची ठेवण थोडीफार रक्तातून येते. पण मुलाला ताटाचाही वारसा मिळतो. बाप चहाबरोबर फरसाण खातो, पोर तेच मागते. घरातली मोठी माणसे मोबाइल पाहत बसतात, पोरही बसते.

कोणी म्हणेल, "आमची पोरं काटकुळी. हे दुखणं शहरातलं." तर ऐका. १९९३ साली डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांची पाहणी सुरू केली. तिथल्या बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडातील साउथॅम्प्टन शहरातल्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान, स्नायू कमी. पण कातडीखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती. अशा अंगाला थोडे वजन वाढले तरी मधुमेहाचा धोका असतो.

पेरणीआधी आपण जमिनीची मशागत करतो ना? तशीच आईची प्रकृती आधीपासून जपली पाहिजे. त्या गावांत ज्या बाया पालेभाजी, फळे, दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे अंगाने बरी होती. गरोदरपणी रक्तातली साखर जरूर तपासा. ती वाढलेली राहिली, तर पुढे बाळालाही जाडी आणि मधुमेहाचा धोका असतो.

मग करावे काय? मुलाला उपाशी ठेवू नका, "जाड्या" म्हणून चिडवू नका. एकट्या मुलाचे ताट बदलू नका. साऱ्या घराचे बदला. भाकरी, उसळ, पालेभाजी सर्वांनी खावी. बिस्किटे, तळलेल्या पुड्या, गोड पेये रोज आणू नयेत. मुलाला रोज तासभर खेळू द्यावे. अंगणवाडीत त्याचे वजन आणि उंची दोन्ही मोजून घ्यावी. आईबापांनीही आपले वजन व साखर तपासावी.

खाण तशी माती, असे म्हणतात. आम्ही म्हणतो, ही खाण सुधारणे आपल्याच हाती आहे.

प्रश्न
१. मुलाला ताटाचा वारसा मिळतो, म्हणजे काय?
२. तुमच्या घरात आजपासून कोणती एक गोष्ट बदलाल?