नव्या घरातील चूल

समजा तुम्ही नव्या घरात राहायला गेलात. तेथे धुराडे असलेली निर्धूर चूल आहे. आईने चूल पेटवली आणि सगळे घर धुराने भरले. आईच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले. चूल निर्धूर, मग धूर कसा झाला?

लाकूड जळताना निघणारी काजळी धुराड्याला आतून चिकटते. लाकूड ओले असेल तर ती अधिक साचते. धुराची वाट अरुंद होते आणि धूर घरात परततो. या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. बंद खोलीत तो माणसाचा जीव घेऊ शकतो. साचलेली काजळी कधी कधी पेटही घेते.

मग तुम्ही काय कराल? चूल पूर्ण थंड झाल्यावर रोज राख काढा. राख साचली की लाकडांना हवा मिळत नाही. राखेत निखारे दडलेले असतात. म्हणून ती पत्र्याच्या डब्यात भरा, प्लास्टिकच्या बादलीत टाकू नका. दोरीला चिंध्यांचा बोळा बांधून मोठ्या माणसांकडून धुराडे साफ करून घ्या. त्या वेळी नाकावर रुमाल बांधा. चुलीच्या भेगा मातीने लिंपा. वाळलेलेच लाकूड जाळा आणि खिडकी उघडी ठेवा.

चूल आई पेटवते. पण तिची निगा राखणे हे घरातील सर्वांचे काम आहे.

शब्दार्थ : धुराडे – धूर बाहेर जाण्याची नळी, निगा – काळजी, लिंपणे – मातीने सारवून बुजवणे.